नाशिकरोडहून रेल्वे आरक्षण : अडतं कुठे आणि सोपं काय व्हायला हवं?

सिन्नरफाटा

नाशिकरोड हे मधलं स्टेशन आहे. आपल्या आरक्षणाच्या निम्म्या अडचणी या एका गोष्टीतून येतात आणि आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांचं ॲप नेमकी तीच गोष्ट सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या मुंबईहून निघून येतात, नाहीतर हावडा, वाराणसी, नागपूरकडून मुंबईला जाताना इथे थांबतात. आरक्षणाची सगळी गणितं मात्र गाडी जिथून सुटते तिथपासून मांडलेली असतात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते तारखेत. समजा गाडी मुंबईहून १० तारखेला रात्री साडेनऊ-दहाला सुटते. कसारा घाट चढून नाशिकरोडला येईपर्यंत बारा वाजून जातात, म्हणजे आपली चढायची तारीख ११. शोधताना ११ टाकायची, हे बरोबर. पण तत्काळ ९ तारखेलाच खुलं होतं, कारण ‘एक दिवस आधी’ हे गाडी सुटण्याच्या तारखेवरून मोजतात. जो १० तारखेला सकाळी दहाला मोबाईल उघडून बसेल त्याला आदल्या दिवशीचं उरलेलं वेटिंग दिसणार. हावड्याहून १० ला निघून आपल्याकडे तिसऱ्या दिवशी, १२ ला येणाऱ्या गाडीचं तत्काळही ९ लाच.

ओळखायचं कसं? ॲपमध्ये गाडीच्या नावावर टिचकी मारून वेळापत्रक उघडा. स्टेशनांसमोर ‘दिवस’ असा रकाना असतो. नाशिकरोडसमोर १ असेल तर काही करायला नको. २ असेल तर चढायच्या तारखेतून एक दिवस वजा करा, ३ असेल तर दोन. जी तारीख येईल तिच्या आदल्या दिवशी तत्काळ, वातानुकूलित वर्गाचं सकाळी १० ला आणि बाकीचं ११ ला. साधं आरक्षणही याच तारखेपासून ६० दिवस मागे जाऊन सकाळी ८ ला खुलतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी हेच १२० दिवस होते आणि जुनी माहिती अजून फिरतेय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एवढं गणित यंत्रणेला आधीच ठाऊक असतं. ‘या गाडीचं तत्काळ अमुक तारखेला अमुक वाजता उघडेल’ ही एक ओळ पडद्यावर यायला काय हरकत आहे? धागा याचसाठी काढलाय. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा, पायऱ्यांसकट.

मनमाडकर

चांगला विषय. तारखेनंतरची दुसरी अडचण वेटिंगच्या प्रकाराची. ‘वेटिंग १२ आहे, होऊन जाईल’ असं लोक बोलतात, पण १२ कसलं ते बघत नाहीत.

जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण यादी. गाडी सुटते तिथून किंवा तिथल्या आसपासच्या स्टेशनांवरून लांबच्या पल्ल्याला काढलेली तिकिटं या यादीत असतात. या कोट्यात बर्थ सगळ्यात जास्त, म्हणून रद्द होणारी तिकिटंही जास्त, म्हणून यादी भराभर सरकते. आरएलडब्ल्यूएल ही मधल्या मोठ्या स्टेशनांची यादी. तिला स्वतःचा छोटा कोटा असतो आणि त्याच कोट्यातलं कोणी तिकीट रद्द केलं तरच ती हलते. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे बऱ्याच स्टेशनांमध्ये मिळून वाटलेला कोटा. हावडा किंवा नागपूरच्या गाडीत मुंबई-नाशिक एवढ्याच पल्ल्याचं तिकीट काढलं की बहुधा हेच अक्षर येतं. शेवटची टीक्यूडब्ल्यूएल, तत्काळची. तिला आरएसी (दोघांत मिळून एक बर्थ) मिळत नाही आणि चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लावताना सर्वसाधारण यादीच्या मागे उभं राहावं लागतं. जीएन चाळीस पुष्कळदा होऊन जातं, पीक्यू बारा पुष्कळदा राहून जातं.

आकडे कसे वाचायचे तेही सांगतो. पडद्यावर ‘आरएलडब्ल्यूएल ३४/डब्ल्यूएल २१’ दिसलं तर पहिला आकडा म्हणजे आतापर्यंत त्या यादीत किती क्रमांक दिले गेले. दुसरा म्हणजे रद्द झालेले वजा जाता आज तिकीट काढलं तर रांगेत तुम्ही कितवे. दोन्हीतलं अंतर १३, म्हणजे तेवढी यादी आजवर हलली आहे. प्रवासाला अजून महिना असताना अंतर मोठं असेल तर आशा ठेवावी. चार दिवस उरलेत आणि अंतर दोन-तीनच आहे, तर दुसरी गाडी बघा.

बिटकोचौक

मनमाडकर, मग नाशिक-नागपूर आरएलमध्ये अडकलं असेल तर तिकीट दादर किंवा कल्याणपासून काढून चढायचं नाशिकरोडला, हे चालतं ना? पुष्कळ जण करतात.

मनमाडकर

चालतं, नियमात बसतं. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या.

भाडं कल्याणपासूनचं द्यावं लागतं, नाशिकपासूनचं नाही. मुंबई ते नाशिकरोड सुमारे १८८ किमी, मुंबई ते नागपूर ८३७ किमी. म्हणजे नागपूरपर्यंतच्या भाड्यात जास्तीचा भाग लहान असतो. पण मनमाड-जळगावसारख्या जवळच्या प्रवासाला हा उपाय महागात जातो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रवाशांची नावं भरायच्या पानावर ‘बोर्डिंग स्टेशन’ असा रकाना असतो. तिथे आपोआप कल्याण आलेलं असतं. ते बदलून नाशिकरोड करायचंच. राहून गेलं तर कल्याणनंतर टीटीई त्याच्या हातातल्या यंत्रावर ‘प्रवासी आला नाही’ अशी नोंद करतो आणि बर्थ पुढच्या आरएसीवाल्याला जातो. घाट चढून गाडी नाशिकरोडला येते तेव्हा तिथे दुसरं कोणी झोपलेलं असतं, आणि त्याचं बरोबर असतं. तिकीट काढून झाल्यावर लक्षात आलं तर ‘बुक्ड तिकीट हिस्टरी’त जाऊन बदलता येतं, खिडकीवरच्या तिकिटाचंही ऑनलाइन बदलता येतं. मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका, २४ तास आधीच उरकून टाका. आणि एकदा बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो.

द्राक्षनगरी

तत्काळच्या दहा मिनिटांबद्दल लिहिते, कारण तिथे घाईत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

आदल्या रात्री प्रवाशांची नावं, वय, बर्थची पसंती ‘मास्टर लिस्ट’मध्ये भरून ठेवायची. तत्काळच्या एका पीएनआरवर (तिकीट क्रमांकावर) चारच प्रवासी बसतात, साध्या तिकिटावर सहा. घरातले पाच जण असतील तर तीन-दोन असे दोन गट आधीच पाडून ठेवा. दहाच्या ठोक्याला ते ठरवत बसलं की संपलं.

लॉगिन ९:५७ च्या सुमारास. नऊ चाळीसला करून नुसतं थांबलं तर खातं आपोआप बाहेर पडतं आणि नेमक्या वेळी पुन्हा कॅप्चा भरावा लागतो. एकच खातं मोबाईलवर आणि लॅपटॉपवर एकदम उघडू नका, एकीकडचं बंद पडतं. स्टेशनच्या जागी सरळ ‘एनके’ हा नाशिकरोडचा कोड टाका. नासिक की नाशिक, स्पेलिंगचा घोळच नको. कोटा ‘तत्काळ’ निवडायला विसरतात, तोही आधी निवडा. दहा वाजले की त्या वर्गावर परत टिचकी मारून उपलब्धता ताजी करायची. संपूर्ण पान रिफ्रेश करू नका, बाहेर फेकले जाल.

नावं भरायच्या पानावर खाली ‘कन्फर्म बर्थ मिळाली तरच बुक करा’ असा चौकोन आहे. तत्काळमध्ये त्यावर खूण हवीच. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही. वेटिंगला पडलं तर पैसे अडकतात आणि दुसऱ्या गाडीचं बघायची वेळ निघून जाते.

पैसे भरायला आयआरसीटीसीचं ई-वॉलेट सगळ्यात कमी टप्प्यांचं. त्यानंतर यूपीआय. कार्डाला बँकेच्या पानावर जाऊन परत यावं लागतं आणि तिथेच वेळ जातो. शिवाय यूपीआयने भरलं तर सुविधा शुल्क साध्या वर्गाला १० रुपये आणि एसीला २०, कार्ड-नेटबँकिंगने १५ आणि ३०, वर जीएसटी.

सगळ्यात महत्त्वाचं : पैसे गेले आणि तिकीट दिसत नाही, तर लगेच दुसरं काढू नका. आधी ‘बुक्ड तिकीट हिस्टरी’ बघा, मग ‘फेल्ड ट्रान्झॅक्शन हिस्टरी’. तिकीट निघालेलं असतं, फक्त पान उघडलेलं नसतं, असं पुष्कळदा होतं. घाईत दुसरं काढलं तर एकाच प्रवासाची दोन कन्फर्म तत्काळ तिकिटं हातात येतात आणि एकाचेही पैसे परत नाहीत. तिकीट खरंच निघालं नसेल तर पैसे आपोआप खात्यात येतात.

जेलरोड ४२२१०१

भर घालतो. नाशिक-मुंबईला एसी तत्काळ काढण्याआधी भाडं बघा. तत्काळमध्ये थर्ड एसीला किमान ५०० किमीचं भाडं लावतात. आपलं अंतर १८८. चेअर कारला किमान २५० किमी, सेकंड सिटिंगला १००. पंचवटीचं सेकंड सिटिंग तत्काळ काढलं तर जास्तीचे १० ते १५ रुपये लागतात, थर्ड एसीला तत्काळचे ३०० ते ४०० वेगळे आणि वर हे लांबलेलं अंतर. एवढ्या जवळच्या प्रवासाला लांबच्या गाडीत एसी तत्काळ घेणं म्हणजे दुप्पट-अडीचपट पैसे घालणं.

गोदाकाठ

हे सगळं वाचताना एकच वाटतं. एवढं लक्षात ठेवायला लागतं, याचा अर्थ पडदा नीट बांधलेला नाही. द्राक्षनगरीताईंनी लिहिलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्या यंत्रणेने स्वतःच करायला हव्यात. तत्काळला ‘कन्फर्म तरच’ ही खूण मुळातच केलेली का नसते? ज्याला वेटिंग हवंच आहे तो काढेल.

घाटमाथा

गोदाकाठ, पडद्याबद्दल पूर्ण सहमत. पण दहा वाजता अडकतं ते पडद्यामुळे नाही, त्याच्या मागे काय आहे ते थोडं समजून घेऊ.

आयआरसीटीसी हे पुढचं दार. ऑनलाइन तिकीट २००२ साली सुरू झालं. बर्थचा खरा हिशोब मात्र पीआरएस नावाच्या यंत्रणेत असतो, तो ‘क्रिस’ ही रेल्वेची संस्था सांभाळते. स्टेशनवरची खिडकी, आयआरसीटीसी, एजंट, सगळे एकाच वहीत लिहितात. ही वही दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच केंद्रांत वाटलेली आहे. एका गाडीच्या एका वर्गात तत्काळच्या ठराविक बर्थ. दहा वाजून शून्य सेकंदाला हजारो विनंत्या त्याच ओळीवर येतात. एक बर्थ दोघांना जाऊ नये म्हणून वही एका वेळी एकालाच लिहू देते, बाकीचे थांबतात. तुम्ही नावं भरता तेव्हा ‘उपलब्ध ३७’ दिसत असतं, पण ती ३७ तुमच्यासाठी धरून ठेवलेली नसतात. बर्थ मिळते पैसे पोचल्यावर. मधल्या दीड मिनिटात ३७ चं वेटिंग ९ होतं ते यामुळे.

२०२५ मध्ये क्षमता मिनिटाला सुमारे ३२,००० तिकिटांची होती. रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये नवी यंत्रणा मिनिटाला दीड लाखाच्या वर नेण्याचं आणि चौकशीची क्षमता ४ लाखांवरून ४० लाखांवर नेण्याचं सांगितलं. चांगलं आहे. पण वही कितीही वेगाने लिहिली तरी बर्थ तेवढ्याच. वेग वाढला तर पूर्वी दोन मिनिटांत संपायच्या त्या तीस सेकंदांत संपतील. म्हणून गर्दी कमी करण्याचा उपाय वेगळा लागतो.

रेल्वेनेच सांगितलेला आकडा असा : तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून बॉटचे (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे) असायचे. त्यांना रोखणारी यंत्रणा बसवली आणि २.५ कोटी संशयित खाती बंद केली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार-पडताळणी झालेलं खातं लागतं, १५ जुलैपासून ओटीपीही. एजंटांना पहिली ३० मिनिटं मनाई, म्हणजे एसीला १०:३० पर्यंत आणि बाकीला ११:३० पर्यंत. १ ऑक्टोबर २०२५ पासून साधं आरक्षण उघडल्यावरच्या पहिल्या १५ मिनिटांनाही आधारची अट आली आणि पुढे ती वेळ वाढवत नेली. माझ्या मते हे योग्यच झालं.

बिटकोचौक

योग्य असेल, पण आधारची पडताळणीच होत नाही अशी माणसं खूप आहेत आणि कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. तेवढं इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल.

‘माय अकाउंट’मध्ये ‘ऑथेंटिकेट युजर’ उघडायचं, आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा. नाव, जन्मतारीख आणि लिंग आयआरसीटीसीच्या खात्यात आणि आधारवर सारखंच हवं. आपल्याकडे अडतं ते नावात. खात्यात नाव-आडनाव एवढंच, आधारवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. लग्नानंतर आधार बदललं, खातं माहेरच्या नावाचं. आधारवर आडनाव आधी. काही जुन्या आधारवर फक्त जन्मसाल आहे, तारीख नाही. यातलं काहीही असेल तर नाकारलं जातं आणि कारण काय ते पडद्यावर नीट येत नाही. आधी खात्यातलं नाव आधारप्रमाणे अक्षरन्‌अक्षर करून घ्या, मग पडताळणी करा.

ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. आई-वडिलांच्या आधारला बंद पडलेलं जुनं सिम जोडलेलं असतं. ते आधी बदलून घ्यावं लागतं. सुट्टीच्या तिकिटांआधी महिनाभर हे करून ठेवा. पडताळणीचा आणखी एक फायदा : बिनआधारच्या खात्यावर महिन्याला १२ तिकिटं, आधार जोडलेल्यावर २४.

आणि माझं म्हणणं एवढंच की पडताळणी नाकारताना ‘नाव जुळत नाही’ की ‘जन्मतारीख जुळत नाही’ हे स्पष्ट मराठीत यावं. खासगी तपशील उघड न करताही एवढं सांगता येतं. संकेतस्थळ इंग्रजी आणि हिंदीत आहे. निफाड, दिंडोरी, पेठच्या माणसाला स्वतःच्या भाषेत तिकीट का काढता येऊ नये? म्हणून तो शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन दुसऱ्याकडून काढून घेतो.

देवळालीकॅम्प

खिडकीवर जाणाऱ्यांसाठी : तिथल्या तत्काळलाही आता ओटीपी आहे. फॉर्मवर लिहिलेल्या मोबाईलवर येतो. म्हणून फॉर्मवर तोच नंबर लिहा जो त्या वेळी रांगेतल्या माणसाच्या हातात असेल. घरी राहिलेल्या फोनचा नंबर लिहिला की रांग अडते.

सिन्नरफाटा

@देवळालीकॅम्प, साध्या, बिनआरक्षित तिकिटाबद्दलही लिहा ना. त्यावरून गोंधळ खूप होतो.

देवळालीकॅम्प

लिहितो. १ जुलै २०२५ ला ‘रेलवन’ ॲप आलं. त्यात आरक्षण, जनरल तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, पीएनआर, तक्रार सगळं एकत्र. आयआरसीटीसी किंवा यूटीएसचं (जनरल तिकिटाच्या ॲपचं) जुनं खातं त्यात चालतं, नवं काढायची गरज नाही. एकदा आत गेल्यावर एमपिन (आकड्यांचा छोटा पासवर्ड) ठेवायचा.

२०० किमीच्या आतल्या प्रवासाचं जनरल तिकीट आगाऊ मिळत नाही, त्याच दिवशी काढायचं आणि तीन तासांत प्रवास सुरू करायचा. नाशिकरोड-मुंबई १८८ म्हणजे याच नियमात. रात्री काढून ठेवू आणि पहाटेच्या गाडीला जाऊ, हे चालत नाही. २०० किमी आणि त्यापुढच्या प्रवासाचं तीन दिवस आधी काढता येतं.

दुसरं, प्लॅटफॉर्मवर उभं राहून ॲपवरून तिकीट निघत नाही, मुद्दामच तशी सोय आहे. टीसी दिसल्यावर काढू नये म्हणून. रिक्षातून येताना स्टेशनआधीच्या बिटको चौकापाशीच काढा. आत आल्यावर आठवलं तर स्टेशनवर लावलेला क्यूआर स्कॅन करून काढता येतं.

तिसरं, गाडीचा प्रकार. काढताना ‘मेल-एक्स्प्रेस’ की ‘सुपरफास्ट’ विचारतात. गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट, जनरलला १५ रुपये जास्त. पंचवटी १२११० सुपरफास्ट, तपोवन १७६१८ नाही. पंचवटीला साधं तिकीट घेऊन बसलं तर फरक भरावा लागतो. ॲपवरचं कागदाशिवायचं तिकीट रद्द होत नाही आणि दुसऱ्या फोनवर पाठवता येत नाही. ‘शो तिकीट’ उघडून दाखवायचं, त्याला इंटरनेट लागत नाही. स्क्रीनशॉट दाखवला तर तो तिकीट धरत नाहीत. प्रवासाआधी फोन चार्ज करून ठेवा.

जेलरोड ४२२१०१

पंचवटीत पासधारकांचे राखीव डबे वेगळे आहेत. पहिल्यांदा जाणारे जनरल तिकीट घेऊन त्यात चढतात आणि इगतपुरीपर्यंत वाद चालतो. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून चढावं. हेही ॲपमधल्या डब्यांच्या क्रमात दिसायला हवं : कुठला डबा कुठे येईल आणि त्यात कोण बसू शकतं.

द्राक्षनगरी

ज्येष्ठांच्या बर्थबद्दल एक. ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या महिला एकटे किंवा दोघे असतील तर लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. तो ‘जनरल’ऐवजी वेगळा निवडावा लागतो. तीन-चार जणांच्या तिकिटात आजीचं नाव घातलं की हा कोटा लागू होत नाही. म्हणून आजी-आजोबांचा पीएनआर वेगळा काढा. आणि हातात आलेला नंबर लोअर आहे का ते ओळखायला स्लीपर आणि थर्ड एसीत नंबराला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, ७ उरली तर साइड लोअर. २ आणि ५ मिडल, ३ आणि ६ अप्पर, पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. २१ ला बाकी ५, म्हणजे मिडल.

मनमाडकर

चार्टचं राहिलं. पूर्वी चार तास आधी लागायचा. २०२५ पासून बराच आधी लागतो. दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाडीचा आदल्या संध्याकाळी-रात्री. यामुळे वेटिंगवाल्याला दुसरी सोय बघायला वेळ मिळतो, हा बदल मनापासून आवडला. पण रद्द करायची सवय त्याप्रमाणे बदला. सकाळी उठून ठरवू म्हणाल तर चार्ट लागून गेलेला असतो.

पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, वेगळं काही करायचं नसतं. ते घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. एकाच पीएनआरवर काही नावं कन्फर्म आणि काही वेटिंग असतील तर मात्र तिकीट आपोआप रद्द होत नाही.

चार्ट लागल्यावर ‘चार्ट्स/व्हेकन्सी’ पान उघडायचं. गाडी नंबर, तारीख आणि चढायचं स्टेशन एनके भरलं की डब्यावार रिकाम्या बर्थ दिसतात, कुठून कुठपर्यंत रिकामी तेही. एखादी बर्थ मुंबई ते जळगाव भरलेली आणि तिथून पुढे रिकामी असते. गाडी सुटण्याआधीचा दुसरा चार्ट लागेपर्यंत या उरलेल्या बर्थचं ‘करंट बुकिंग’ मिळतं, त्याला तत्काळचे जास्तीचे पैसे नाहीत. सेकंड सिटिंग आणि चेअर कारला हा मार्ग अनेकदा साधतो आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. हे पान मुख्य शोधातच दिसलं असतं तर किती बर्थ वाया जायच्या वाचल्या असत्या.

बिटकोचौक

गाडी फार उशिरा असेल तर?

मनमाडकर

आपल्या चढायच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि प्रवास करायचा नसेल तर पूर्ण परतावा मिळतो. अट एकच, गाडी नाशिकरोडहून प्रत्यक्ष सुटायच्या आधी टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरला पाहिजे. नंतर भरला तर नाही. खिडकीचं तिकीट असेल तर त्याच वेळेच्या आत खिडकीवर परत करायचं. घाटात गाडी अडकलेली असताना ही मुदत हातात असते, ती लोक वाट बघण्यात घालवतात.

गोदाकाठ

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत बाहेरून येणारा माणूस त्र्यंबकेश्वरला जायचं म्हणून ‘त्र्यंबक’ शोधेल, तिथे स्टेशनच नाही. त्याला नाशिकरोडला गर्दी असेल तर देवळाली, ओढा, इगतपुरी, मनमाड असेही पर्याय आहेत हे कोण सांगणार? शोधात जवळची स्टेशनं एकत्र दिसावीत आणि विशेष गाड्याही त्याच यादीत याव्यात. परतीचं जनरल तिकीट स्टेशनच्या बाहेरच, चालत्या माणसाला क्यूआरवरून मिळावं, मराठी-हिंदीत. साध्या फोनवाल्यांसाठी १३९ वर बोलून गाडी आणि जागा विचारता येते, पण पर्यायी स्टेशन सुचवलं जात नाही. हे आत्ता झालं तर उपयोग, स्नानाच्या आठवड्यात नाही.

घाटमाथा

मागण्या पाठवायच्या तर कुणाकडे, ते नीट बघू या. नाहीतर अर्ज फिरत राहतो. नाशिकरोड भुसावळ विभागात येतं. खिडक्यांची संख्या, एटीव्हीएम (आपलं आपण तिकीट काढायची) यंत्रं, क्यूआरचे फलक, डब्यांचे दर्शक हे विभागाच्या हातात. तिथे विभागीय रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीतून विषय नेता येतो. ॲपचा पडदा, मराठी भाषा, तत्काळची तारीख दाखवणं हे आयआरसीटीसी आणि क्रिसचं काम, विभागाला ते बदलता येत नाही. नाशिकरोडचा कोटा वाढवायचा असेल तर गाडी ज्या झोनची आहे त्याच्या वाणिज्य खात्याकडे लिहायचं. ‘कोटा वाढवा’ एवढं लिहून काही होत नाही. गाडी नंबर, वर्ग, नाशिकरोड ते कुठपर्यंत, आणि सलग तीस दिवसांचं चार्टनंतर उरलेलं वेटिंग, एवढं कोष्टक जोडलं तर तो अर्ज वाचला जातो.

सिन्नरफाटा

कोष्टकाचं करू या. नागपूरकडच्या तीन गाड्या, स्लीपर आणि थर्ड एसी. रोज चार्ट लागल्यावर आरएल आणि पीक्यूचा शेवटचा आकडा इथेच लिहायचा : तारीख, गाडी, वर्ग, किती जणांचं राहिलं. मनमाडकर, सोमवारपासून सेवाग्रामचा तुम्ही घ्याल का? विदर्भचा मी घेतो.

मनमाडकर

घेतो. तारीख मुंबईहून सुटायची लिहू या, नाशिकची नको. नाहीतर मध्यरात्रीच्या गाड्यांचा हिशोब एक दिवसाने सरकेल.